नाणे सापडले, पण कोठे?

मेटल डिटेक्टर म्हणजे धातुशोधक यंत्र आता काही हजार रुपयांत घरपोच मिळते. त्यामुळे एरवी चित्रपटांत शोभणारा एक प्रश्न शाळेच्या वर्गात येऊ लागला आहे. हे यंत्र घेऊन पनवेलच्या खाडीकाठी किंवा एखाद्या जुन्या वाटेने फिरलो, तर जुनी नाणी सापडतील का? प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. त्याच्या उत्तरात भौतिकशास्त्र आहे, इतिहास आहे आणि कायदाही आहे. नाणे सापडू शकते हे खरे. पण नाणे सापडणे आणि इतिहास सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली घडली की दुसरी बहुधा हातची जाते, हे येथे थोडे विस्ताराने पाहू.

पनवेलच्या मातीत नाणी असणार यात नवल नाही. कोकणातले मीठ-मासळी घाटावर चढायची आणि घाटावरचा माल बंदरात उतरायचा, त्या वाटेवरचे हे गाव. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. त्यानंतर मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी होडीने पनवेलला येई आणि येथून गाडीने पुढे जाई. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली, यावरूनही त्या काळची वर्दळ लक्षात येते. जेथे तांडेल, हमाल, गाडीवान आणि मिठागरावरचे मजूर रोज सुटे पैसे हाताळतात, तेथे काही पैसे कमरेच्या कशातून निसटून मातीत जातातच. शिवराई, ईस्ट इंडिया कंपनीचा तराजू आणि फारसी लिपीत ‘अदल’ म्हणजे न्याय हा शब्द मिरवणारा पैसा, १८३५ नंतरचा पाव आणा अशी तांब्याची नाणी येथल्या जमिनीत अपेक्षितच आहेत. त्याहून जुनी, म्हणजे सातवाहनांची किंवा क्षत्रपांची नाणीही असू शकतील. कल्याण, सोपारा आणि चौल ही त्या काळची बंदरे येथून फार लांब नाहीत.

आता यंत्राकडे वळू. धातुशोधकाच्या तबकडीत तारेचे वेटोळे असते. त्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते जमिनीतल्या नाण्यापर्यंत पोहोचले की फॅरडेच्या नियमानुसार नाण्यात भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात. या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र वर येते आणि दुसरे वेटोळे ते टिपते. दहावीच्या पुस्तकातला नियमच येथे कामाला लावलेला असतो. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या, तेव्हा शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी याच तत्त्वावरचे उपकरण बनवले. गोळी सापडली नाही. डॉक्टरांनी बेल यांना शरीराची उजवी बाजूच तपासू दिली आणि गोळी डावीकडे होती. शिवाय पलंगातल्या धातूच्या स्प्रिंगांनीही गोंधळ घातला असे सांगतात. सहज हातात धरून फिरता येईल अशा यंत्राचे अमेरिकेतील पेटंट गेरहार्ड फिशर यांना १९३७ साली मिळाले. दुसऱ्या महायुद्धात भूसुरुंग शोधण्यासाठी अशी यंत्रे मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आणि युद्धानंतर ती हौशी लोकांच्या हाती आली.

या यंत्राची मर्यादा समजून घेतली की पुढचा मुद्दा सोपा होतो. वेटोळ्याचे चुंबकीय क्षेत्र, अंतर वेटोळ्याच्या आकारापेक्षा बरेच वाढले की, अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. नाण्याकडून परत येणारे क्षेत्रही तसेच कमी होते. म्हणजे जाऊन-येऊन संकेत अंतराच्या सहाव्या घाताने घटतो. अंतर दुप्पट केले की संकेत चौसष्टपटींनी क्षीण! म्हणूनच वीतभर खोलीवर खणखणीत ऐकू येणारे एकटे नाणे हातभर खोलीवर मुकेच राहते. कोकणात आणखी एक अडचण आहे. काळ्या पाषाणाच्या झिजेतून तयार झालेल्या मातीत आणि जांभ्यात लोहाची चुंबकीय खनिजे असतात; ती स्वतःच यंत्राला उत्तर देतात. खाडीचा खारा चिखल विद्युतवाहक असल्याने तोही बोलतो. मग खिळे, बाटल्यांची झाकणे आणि सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद यांच्या कोलाहलात नाणे शोधावे लागते. यंत्र विकणाऱ्यांच्या जाहिरातीत हे सारे लिहिलेले नसते.

पण खोल दडलेला भरलेला हंडा मात्र एकट्या नाण्यापेक्षा पुष्कळ लवकर उमगतो, कारण त्याचा आकार मोठा. अशा वेळी उत्साही माणूस कुदळ घेऊन हंड्यापर्यंत जातो. नेमकी येथेच सर्वांत मोठी हानी होते. ती कोणती, हे कळण्यासाठी पनवेल सोडून नाशिक जिल्ह्यात जावे लागेल. भरला हंडा काय सांगू शकतो याचे महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण तेथले आहे.

दारणा आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ जोगलटेंभी नावाचे गाव आहे. १९०६ साली तेथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेव्हा धातुशोधक नव्हते. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यातली सुमारे १३,२५० नाणी तपासली आणि त्यांचा अहवाल रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात १९०८ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक नाण्याचे वजन सव्वादोन ग्रॅमच्या आसपास धरले, तर हा साठा तीस किलोच्या जवळपास भरतो. 

ही नाणी क्षहरात घराण्यातील क्षत्रप नहपान याची होती. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिप्यांत राजाचे नाव. छोट्या नाण्यावर ठसा नेहमी थोडा सरकलेला असतो, त्यामुळे एकेका नाण्यावर अर्धीच अक्षरे उमटतात. हजारो नाणी शेजारी-शेजारी मांडली की याची उणीव ते भरून काढते. तसे केल्यावर ती ग्रीक अक्षरे म्हणजे कोणतेही ग्रीक वाक्य नसून ‘राजा क्षहरात नहपान याचे’ हा प्राकृत मजकूरच ग्रीक लिपीत लिहिलेला आहे, हे स्पष्ट झाले. एक चमत्कारिक गोष्टही दिसली. नाव एकच, पण चेहरे निरनिराळे. कोठे तरुण, कोठे वृद्ध, नाकाची ठेवणही वेगळी. हे चेहरे घराण्यातल्या वेगवेगळ्या व्यक्तींचे असावेत असा तर्क स्कॉट यांनी केला. मला स्वतःला ठसे कोरणाऱ्या कारागिरांच्या हातांतला फरक हे अधिक साधे स्पष्टीकरण वाटते.

परंतु खरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. या १३,२५० नाण्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर, म्हणजे दहांतील सातांवर, दुसऱ्या एका राजाचा ठसा मूळ ठशावरच मारलेला होता. कमानींचा डोंगर आणि त्याखाली नागमोडी रेघ, दुसरीकडे उज्जयिनी चिन्ह, आणि गौतमीपुत्र सातकर्णी याचे नाव. नहपानाच्या चेहऱ्यावर डोंगर चढलेला होता! जिंकलेल्या राजाची चांदी वितळवून नवी नाणी पाडण्याइतकी सवड किंवा गरज नव्हती; जुन्यावरच आपला शिक्का मारून ती चलनात ठेवणे सोयीचे होते.

आता येथे थोडे थांबून विचार करायला हवा. हा हंडा फुटून त्यातले एकच पुन्हा ठसा मारलेले नाणे आपल्या हाती आले असते, तर काय कळले असते? गौतमीपुत्र नहपानानंतरचा, एवढेच. लगेच नंतरचा की शंभर वर्षांनंतरचा, हे त्या नाण्यावरून ठरत नाही. मधे आणखी दोन-तीन राजे होऊन गेले असतील. आणि या प्रश्नावर विद्वानांत खरोखरच मतभेद होते. संपूर्ण साठा समोर आल्यावर चित्र बदलले. तेरा हजारांहून अधिक नाण्यांत या दोघांखेरीज तिसऱ्या कोणत्याही राजाचे नाणे नव्हते. मधे दुसरी राजवट होऊन गेली असती, तर तिची थोडीतरी नाणी एवढ्या साठ्यात मिसळली असती. म्हणून गौतमीपुत्राने नहपानाचीच सत्ता संपवली असे म्हणण्यास भक्कम आधार मिळाला. ‘काय होते’ हे एका नाण्यावरूनही कळू शकते. ‘काय नव्हते’ हे सांगायला मात्र पूर्ण हंडाच लागतो. एखाद्या व्यापाऱ्याने त्यातली देखणी दोनशे नाणी निवडून नेली असती आणि उरलेली सोनाराच्या मुशीत गेली असती, तर दहांत सात हे प्रमाणही गेले असते आणि तिसऱ्या राजाची अनुपस्थितीही सिद्ध करता आली नसती.

या निष्कर्षाला नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेख दुजोरा देतात. गौतमीपुत्राच्या अठराव्या राज्यवर्षातल्या लेखात, तोवर उषवदाताकडे असलेले शेत भिक्षूंना दिल्याचा उल्लेख आहे. उषवदात हा नहपानाचा जावई. गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात तर आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला असे स्पष्ट म्हटले आहे. शिलालेखात राजे स्वतःची स्तुती करून घेतात, त्यामुळे त्यावर सारी भिस्त ठेवता येत नाही. नाण्यांचा साठा पुरणाऱ्याला मात्र इतिहासात नाव लावून घ्यायचे नव्हते. त्याला फक्त आपली चांदी वाचवायची होती. म्हणून त्याची साक्ष मोलाची. अर्थात या घटना नेमक्या कोणत्या साली घडल्या, हे साठा सांगत नाही. नहपानाच्या काळातल्या लेखांत ४१ ते ४६ ही वर्षे येतात, पण ती कोणत्या शकातली यावर अजून वाद आहे. शक संवतातली मानली तर इसवी सनाच्या ११९ ते १२४ या काळात येतात. काही अभ्यासक नहपानाला त्याहून बराच आधीचा मानतात.

या नाण्यांची किंमत त्या काळी काय होती? उषवदाताच्याच लेखात उत्तराचा धागा आहे, आणि गणिताच्या शिक्षकांनी तो जरूर वापरावा. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. व्याज शेकडा एक. त्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे होते. व्याज दरमहा की दरसाल, हे आता विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. २० गुणिले १२ म्हणजे २४०. आणि २,००० वर शेकडा एक दरमहा धरले तर वर्षाचे व्याज बरोबर २४० होते. त्याच लेखात ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण असा दरही आहे. हे कार्षापण म्हणजे अशीच चांदीची नाणी असे मानले, तर जोगलटेंभीच्या हंड्यात सुमारे ३७८ सुवर्ण, किंवा अकराशे भिक्षूंचे वर्षाचे वस्त्र होते. म्हणजे हा एखाद्या शेतकऱ्याचा गल्ला नव्हता.

आता पुन्हा पनवेलच्या बाजूला येऊ. साठ्याचे महत्त्व कळले, पण सुट्या नाण्याचे काय? तेही बोलते, अट एवढीच, की ते कोठे पडले होते हे ठाऊक हवे. उरण तालुक्यातले घारापुरी बेट पाहा. तेथील लेणी कोणी खोदवली हे सांगणारा शिलालेख आज नाही. पोर्तुगीजांनी एक शिलालेख काढून नेला आणि तो पुढे हरवला. मग काळ ठरवायचा कसा? शिल्पशैलीच्या जोडीला जे पुरावे पुढे आले, त्यांत बेटावर मिळालेली कलचुरी राजा कृष्णराज याची हलकी तांब्याची नाणी आहेत. हा राजा सहाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. वासुदेव विष्णु मिराशी यांनी ही लेणी कलचुरींच्या काळातली असल्याचे मत मांडले. मजुरांना रोजची मजुरी देण्यासाठी ही चिल्लर बेटावर आली असावी, असे वॉल्टर स्पिंक यांचे म्हणणे होते.

येथे चांदी आणि तांबे यांतला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. कृष्णराजाची चांदीची नाणीही पुष्कळ मिळतात, नाशिकपासून मुंबई-साष्टीपर्यंत. पण चांदी फिरते, आणि टिकते. नाशिकजवळच्या अंजनेरी येथे मिळालेल्या, आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या भोगशक्ती राजाच्या ताम्रपटांत ‘कृष्णराज रूपक’ या नाण्याचा उल्लेख येतो. राजा जाऊन सुमारे दीडशे वर्षे झाली तरी त्याचे नाणे व्यवहारात होते! त्यामुळे एखाद्या जागी कृष्णराजाचे चांदीचे नाणे मिळाले, तर ते त्याच्याच काळात तेथे पडले असे म्हणता येत नाही. तांब्याच्या चिल्लरीला मात्र दूरच्या बाजारात कोण विचारणार? ती आपल्या परिसरातच झिजते. म्हणून बाजारात कवडीमोलाचे असलेले तांब्याचे नाणे जागेच्या साक्षीसाठी चांदीपेक्षा अधिक विश्वासाचे ठरते. धातुशोधक घेऊन फिरणारा माणूस मात्र घारापुरीची ही नाणी खिशात घालून घरी गेला असता, तर ती मोडीच्या डब्यातली हिरवट चिल्लर होऊन राहिली असती.

यंत्र वाईट असते असे मात्र म्हणायचे नाही. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंग्लंडमधील सफक परगण्यात, हॉक्सन गावच्या शेतात, एक निवृत्त माळी शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा धातुशोधकाने शोधत होता. त्याला सोन्या-चांदीची रोमन नाणी लागली. थोडे खणल्यावर तो थांबला आणि त्याने अधिकाऱ्यांना कळवले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञ आले आणि त्यांनी साठा मातीसकट, जसा होता तसा उचलला. त्यामुळे चौदा हजारांहून अधिक नाणीच नव्हेत, तर ती ज्या लाकडी पेटीत होती तिची मांडणीही कळली. माळ्याला मोठे बक्षीस मिळाले. हातोडाही सापडला, आणि तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे! १९९६ च्या कायद्यानंतर इंग्लंड-वेल्समध्ये हौशी शोधकांच्या सापडलेल्या वस्तूंची नोंद करण्याची व्यवस्था १९९७ पासून सुरू झाली, आणि तिच्यात दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत.

आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर ती काय आहे, कोठे आणि कधी सापडली हे जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. निधीला मालक नाही असे ठरले आणि आधीचा काही करार नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जमिनीच्या मालकाला मिळतो. पण सरकारला तो घ्यायचा असेल, तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा एवढी रक्कम द्यावी लागते. मला या कायद्याचा हा भाग घातक वाटतो. नहपानाच्या नाण्याची किंमत सव्वादोन ग्रॅम चांदी आणि वर वीस टक्के! संग्राहक त्याहून कितीतरी अधिक देतो. प्रामाणिक माणसालाच तोटा होईल अशी ही तरतूद आहे आणि हंडे गुपचूप वितळतात त्याला ती काही अंशी तरी जबाबदार आहे. शिवाय १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्मारकांच्या आवारात परवानगीविना खणता येत नाही, आणि शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांच्या व्यापाराला व निर्यातीला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची बंधने आहेत. गुप्तधनाच्या नावाने चालणारे अघोरी प्रकार तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच ठरवले आहेत.

तेव्हा यंत्र विकत घेण्याची घाई विद्यार्थ्यांनी करू नये. पनवेल परिसरात रस्ते, इमारती आणि विमानतळ यांसाठी इतकी माती उपसली गेली आहे, की नाणे यंत्राआधी जेसीबीच्या फाळाला लागण्याचा संभव अधिक. एखादा विद्यार्थी नाणे वर्गात घेऊन आला, तर शिक्षकांनी पहिला प्रश्न ‘कोणत्या राजाचे?’ हा न विचारता ‘कोठे, किती खोल, आणि शेजारी आणखी काय होते?’ हा विचारावा. खापराचे तुकडे, विटा, राख, कोळसा, शिंपले, मातीचा रंग, सारे लगेच वहीत लिहून घ्यावे. त्या जागेचा साधा नकाशा काढावा आणि फोटो घेताना शेजारी मोजपट्टी ठेवावी. दोन दिवसांनी यातले निम्मे आठवत नाही.

नाणे चिंचेने किंवा लिंबाने घासून चकचकीत करण्याचा मोह फार असतो. तो टाळावा. खाऱ्या जमिनीत तांब्यावर क्युप्रस क्लोराइडचा थर बसलेला असतो. वरचा घट्ट थर आम्लाने निघून गेला की हा क्लोराइड दमट हवेतल्या प्राणवायूशी आणि पाण्याशी क्रिया करू लागतो आणि नाण्यावर फिकट हिरवी भुकटी येत राहते. पावसाळ्यातल्या कोकणात ही क्रिया जोरात चालते. शिवाय गंजाच्या थरात कधीकधी नाणी बांधलेल्या कापडाचे धागे ठशासारखे उमटलेले असतात; घासले की तेही गेले. नाणे कोरड्या कागदात गुंडाळून, वर जागा आणि तारीख लिहून ठेवावे.

त्याआधी प्रयोगशाळेत एक मोजणी मात्र निर्धास्त करता येते. ती म्हणजे मापे. वजन शंभरांश ग्रॅमपर्यंत आणि व्यास मिलिमीटरमध्ये. घनता काढण्याची हौस असेल, तर ती आजच्या नाण्यांवर किंवा चांदीच्या जोडव्यावर भागवावी. दोऱ्याला टांगून हवेतले वजन आणि पाण्यात बुडवून वजन घ्यायचे. हवेतल्या वजनाला दोहोंतील फरकाने भागले की झाले. चांदीची घनता १०.५, तांब्याची ८.९६, शिशाची ११.३. शिसे आणि तांबे योग्य प्रमाणात मिसळले तर घनता चांदीइतकी भरते, म्हणून केवळ या एका आकड्यावरून धातू ठरवता येत नाही, हेही तेथेच सांगावे. मुद्राशास्त्राला वाहिलेली, १९८० साली स्थापन झालेली संस्था अंजनेरीला, जोगलटेंभीच्याच जिल्ह्यात आहे. तेथील नाण्यांचे संग्रहालय पाहायला नाशिकची सहल नेताना सकाळी पांडवलेणी पाहिली, तर उषवदाताचा लेख आणि त्यातले २४० कार्षापण मुलांना दगडावरच दाखवता येतात.